कराडच्या धावपट्टीसाठी पहिलं जुनं विमान घेताना

जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेला माणूस टायर बघतो, इंजिनाचे तास विचारतो, चालू करून धुराचा रंग बघतो आणि शेवटी आरसीवर बँकेचा बोजा नाही ना हे तपासतो. जुनं विमान घेतानाही हेच करायचं असतं, फक्त क्रम उलटा. आधी कागद, मग इंजिन, मग पत्रा. रंग आणि सीटकव्हर सगळ्यात शेवटी. नवखं गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं आणि चकाकीवर भुलून इसार देऊन बसतं.

हा लेख दोन ते चार आसनी, एका पिस्टन इंजिनाच्या विमानांपुरता आहे. तुमच्याकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे किंवा येऊ घातलंय, असं धरलं आहे. लायसन्सवर त्या मॉडेलची नोंद नसेल तर आधी ती करून घ्यावी लागते. घेतलेलं विमान पहिले काही महिने नुसतं उभं राहतं ते बऱ्याचदा यामुळेच.

१. कुठून उडणार आणि कोण बसणार

सांगलीकरांसाठी कवलापूरची जुनी धावपट्टी हिशेबात धरू नका, ती वापरात नाही. जवळचे पर्याय म्हणजे कोल्हापूरचं उजळाईवाडी, बारामती आणि कराड. कराडची वारुंजीजवळची धावपट्टी सुमारे १,२८० मीटर लांब आहे. छोट्या विमानाला ही लांबी पुरते. खरी अडचण हवेची आहे: उंचीवर आणि उन्हात ती विरळ होते.

कराडची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फूट. या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असेल तर फरक २७ अंशांचा. प्रत्येक अंशामागे १२० फूट या ढोबळ हिशेबाने ३,२०० फूट वाढतात. म्हणजे विमानाला वाटतं की आपण ५,००० फुटांवरून उडतोय. सेसना १५२ समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढतं. या हवेत त्यातला जवळपास तिसरा हिस्सा गळून पडतो. समोर आगाशिवचा डोंगर असताना हे आकडे आधी कागदावर मांडलेले बरे. मॉडेल निवडताना फ्लाइट मॅन्युअलमधला टेक-ऑफचा तक्ता ४० अंशांच्या रकान्यात वाचा, २० अंशांच्या नाही.

आता वजन. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान, रेडिओ वगैरे धरून, ५२० किलो भरलं असं समजा. उरले २३७. टाक्या भरल्या की वापरता येणारं ९३ लिटर इंधन, लिटरमागे ०.७२ किलोने ६७ किलो. राहिले १७०. चालवणारा ८५ किलोचा आणि शेजारी ८० किलोचा बसला, तर पिशवीसाठी ५ किलो उरतात. सेसना १५२ दोन आसनी आहे, पण दोन धष्टपुष्ट माणसं आणि भरलेल्या टाक्या एकाच वेळी जमतीलच असं नाही. रिकामं वजन ब्रोशरमधलं धरू नका. त्याच विमानाच्या वेट शेड्यूलमधला (ते विमान तोलून केलेल्या वजनाच्या कागदातला) आकडा घ्या. चाळीस वर्षांत विमानंही जाड होतात.

२. मॉडेल आणि इंधन

स्वस्तात आणि सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने यादी लहानच आहे.

सेसना १५० मध्ये काँटिनेंटलचं १०० अश्वशक्तीचं ओ-२०० इंजिन, १५२ मध्ये लायकमिंगचं ११० अश्वशक्तीचं ओ-२३५. कराडच्या उन्हात ही दहा अश्वशक्ती जाणवते. सेसना १५२ चं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, म्हणजे नव्यातलं नवंसुद्धा चाळिशीचं. ताशी इंधन २२ ते २३ लिटर.

सेसना १७२ चार आसनी. उत्पादन १९८६ ते १९९६ बंद होतं, म्हणून बाजारात एक जुनी पिढी दिसते आणि एक इंजेक्शन इंजिनाची नंतरची. जुन्यातल्या १७२ एन मध्ये ओ-३२०-एच२एडी इंजिन येतं. त्याच्या कॅमशाफ्ट आणि टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) झिजेबद्दलची ख्याती चांगली नाही. फक्त त्यामुळे विमान नाकारू नका, पण ऑइल फिल्टरचा इतिहास मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायपर पीए-२८ चे पंख खाली असतात. दणकट विमान, दार एकच. पंखाच्या मुख्य स्पारच्या (आतल्या तुळईच्या) बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने भेगा शोधणं) सांगणारा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश) २०२०-२६-१६ या मालिकेतल्या बऱ्याच विमानांना लागू आहे. ती झाली का, निकाल काय, हे लेखी हवं.

डायमंड डीए-४० चं डिझेल-प्रकारचं मॉडेल जेट ए-१ वर चालतं. जेट ए-१ मोठ्या विमानतळांवर सहज मिळतं. पण हे विमान स्वस्तात बसत नाही.

इंधनाचा मुद्दा इथेच संपवू. एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे पिस्टन विमानांचं पेट्रोल, पंपावर मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी ते पिंपाने आणावं लागतं. पूर्वी ते सगळं परदेशातून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल देशात बनवते. विमान घेण्याआधी पिंप कुठून येणार, कुठे ठेवणार, पंप आणि गाळणी कोणाची, हे ठरवून टाका. ‘जुन्या सेसनात साधं पेट्रोलही चालतं’ असं कोणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे. काही इंजिनांना परवानगी होती ती इथेनॉल नसलेल्या पेट्रोलची. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ज्या उसावर सातारा-सांगली उभी आहे, तोच ऊस इथे आडवा येतो. इथेनॉल रबरी सील खातं आणि पाणी ओढून घेतं. मायक्रोलाइटवाल्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. त्यांच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला इथेनॉलची मर्यादा १० टक्क्यांची आहे.

३. आयात करू का?

पहिलं विमान असेल तर नको. परदेशातल्या जाहिरातीत १९८० चं १५२ स्वस्त दिसतं. पण आयातीला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) आधी परवानगी लागते, विमानाच्या वयाची अट असते, आणि वर वाहतूक, जोडणी, कर. भारतात आधीच नोंदलेलं, म्हणजे व्हीटी अक्षरांचं विमान शोधा. बहुतेक विमानं फ्लाइंग स्कूलमधून निघालेली असतील. त्यात वाईट काही नाही, पुढे कळेल का.

४. कागद

विमान बघायला जाण्याआधी याच्या प्रती मागवा:

– नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे सी ऑफ आर
– एअरवर्दिनेस प्रमाणपत्र आणि चालू एआरसी, म्हणजे एअरवर्दिनेसच्या फेरतपासणीचं प्रमाणपत्र (याची मुदत वर्षाची असते)
– एअरफ्रेम, इंजिन आणि प्रोपेलर यांची वेगवेगळी लॉगबुकं, पहिल्या पानापासून
– जर्नी लॉगबुक
– एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची यादी: कोणता लागू, कधी केला, पुन्हा कधी करायचा
– इंजिन ओव्हरहॉलचे कागद, बदललेल्या भागांच्या रिलीज सर्टिफिकेटसह
– वेट शेड्यूल, फ्लाइट मॅन्युअल
– रेडिओचा परवाना, विम्याची पॉलिसी
– केलेल्या प्रत्येक बदलाची मंजुरी (डॅशबोर्डवर नंतर बसवलेला जीपीएससुद्धा यात आला)

सी ऑफ आर म्हणजे विमानाचा सातबारा समजा. मालकाचं नाव विकणाऱ्याचंच आहे का, बँकेचा बोजा आहे का, कंपनीचं विमान असेल तर विक्रीचा ठराव झालाय का, हे तिथूनच सुरू होतं. एआरसी संपलेली असेल तर ‘फक्त रिन्यूअल बाकी आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ती का संपू दिली, याचं उत्तर बहुतेक वेळा इंजिनात किंवा थकलेल्या बिलात असतं.

लॉगबुक वाचायची एक रीत आहे. आधी फक्त तारखा वाचा. दोन नोंदींमध्ये चौदा महिन्यांची फट दिसली की तिथे खूण करा. मग तास वाचा. सलग वाढतात का? टॅकोमीटर बदलला असेल तर जुना आकडा आणि नवा आकडा यांची सांगड घातलेली नोंद हवी. मग ‘रिपेअर’, ‘रिप्लेस्ड’, ‘रिस्किन’ असे शब्द शोधा. नाकाचं चाक, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि प्रोपेलर एकाच तारखेला बदललेत, पण अपघाताची नोंद कुठेच नाही, तर विमान नाकावर आपटलेलं आहे.

एखादं लॉगबुक ‘सापडत नाही’ म्हणाले तर किंमत पाडून घेण्याचा विचारही करू नका, सोडून द्या. पहिल्यांदा घेणाऱ्याचं हे काम नाही.

डायरेक्टिव्हच्या यादीत काय शोधायचं? सेसनात सीटच्या रुळांचा २०११-१०-०९. रुळाची भोकं झिजली की पिन नीट बसत नाही, आणि टेक-ऑफला नाक वर होताच सीट मागे सरकते. हात स्टिअरिंगला धरलेले असतात, मग विमान आणखी वर. सेसना १५० आणि १५२ ला रडर स्टॉपचा २००९-१०-०९ बघा. रुळांची तपासणी नुसती कागदावर असून भागत नाही, खाली वाकून रूळ स्वतः बघा.

५. इंजिन

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून थोडं थांबू.

टीबीओ म्हणजे दोन ओव्हरहॉलमधले शिफारस केलेले तास. सेसना १५२ च्या ओ-२३५-एल२सी ला २,४०० तास, जुन्या १७२ च्या ओ-३२० ला साधारण २,०००. पण लायकमिंगची दुसरीही मर्यादा आहे, ती वर्षांची: १२. जाहिरातीत लिहितात, ‘ओव्हरहॉलनंतर फक्त ६०० तास’. ओव्हरहॉल चौदा वर्षांपूर्वीचा असेल तर १,८०० तास शिल्लक नाहीत. हिशेबात शून्य धरा.

‘इंजिन नुकतंच केलंय’ हे दुसरं वाक्य. टॉप ओव्हरहॉल म्हणजे फक्त सिलिंडर. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, बेअरिंग जुनंच. मेजर ओव्हरहॉल झाला असेल तर कोणी केला, कोणते भाग नवे घातले, याचा कागद मोठा असतो. एका पानाचा कागद दाखवला तर तो टॉपच.

आता उभ्या विमानाचं दुखणं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असते. विमान उभं राहिलं की ऑइल निथळून खाली येतं आणि कॅम उघडी पडते. जून ते सप्टेंबर कराडची दमट हवा आत गेली की गंजाचे ठिपके धरतात. पुढे हेच ठिपके टॅपेट कुरतडतात आणि लोखंडाचा कीस ऑइलमध्ये फिरतो. मालक सांगतो, ‘दर आठवड्याला दहा मिनिटं चालू करत होतो.’ उलट वाईट केलं. जमिनीवर ऑइल ८० अंशांच्या वर नीट जात नाही, आतलं पाणी उडून जात नाही आणि ज्वलनाचं आणखी पाणी आत जमा होतं. म्हणून दोन वर्षं हँगरमध्ये झाकून ठेवलेल्या ८०० तासांच्या इंजिनापेक्षा रोज उडणाऱ्या फ्लाइंग स्कूलचं १,६०० तासांचं इंजिन कित्येकदा बरं निघतं.

तपासणी विकणाऱ्याच्या माणसाकडून करून घेऊ नका. स्वतःचा एएमई (विमान देखभालीचा परवानाधारक इंजिनिअर) न्या. पिस्टन इंजिनाच्या विमानासाठी बी१.२ वर्गाचा परवाना असलेला हवा. त्याच्याकडून एवढं करून घ्या:

– गरम इंजिनावर कॉम्प्रेशन टेस्ट. ८० पीएसआय देऊन किती टिकतं ते बघतात. सगळे सिलिंडर ७० च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर उत्तम. ६० च्या खाली आला तर तो सिलिंडर उतरवायचा खर्च धरा.
– हवा कुठून सुटते ते कानाने ऐका. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या नळीतून आली तर रिंगा. आकड्यापेक्षा हा आवाज जास्त सांगतो.
– ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. उन्हात धरून बघा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे चमचमते कण म्हणजे कॅम किंवा टॅपेट. सौदा तिथेच थांबवा.
– बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) व्हॉल्व्ह आणि सिलिंडरची भिंत.
– मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) ५०० तासांची तपासणी शेवटची कधी झाली.
– प्रोपेलर कशाला धडकला होता का. धडक झाली असेल तर इंजिन उघडून क्रँकशाफ्टच्या मागचा गिअर तपासल्याची नोंद हवी. प्रोपेलर बदलून रंग मारून विकलेली विमानं असतात.

प्लग काढलेच आहेत तर तेही बघा. ओ-२३५ मध्ये शिशाच्या बारीक राखाडी गोळ्या प्लगमध्ये साचणं ही जुनी सवय आहे. एवढ्यावर विमान नाकारू नका, मिक्स्चर नीट पातळ न करता चालवलं जात होतं इतकंच समजा.

६. पत्रा

विजेरी, छोटा आरसा आणि जुना सुती कपडा घेऊन जा.

नाकाच्या चाकामागची फायरवॉल खालच्या कोपऱ्यात बघा. पत्र्यावर कपड्यासारख्या सुरकुत्या असतील तर विमान नाकावर जोरात उतरवलं आहे. स्कूलच्या विमानात हे हमखास तपासायचं ठिकाण. शेपटीखालची बांधायची कडी घासून चपटी झालेली असेल तर शेपूट जमिनीला लागलीय.

रिव्हेटच्या मागे धुरासारखी काळी रेघ दिसली तर तो रिव्हेट हलतो आहे. एखादा असेल तर बदलता येतो, ओळीने असतील तर आत काहीतरी सैल आहे. रंगाखाली अळीने पोखरल्यासारख्या नागमोडी रेषा म्हणजे गंज. वरचा रंग नवा करकरीत आणि पंखाखालच्या तपासणीच्या झाकणाआड पांढरी भुकटी, असं असेल तर रंग विक्रीसाठीच मारलाय. कोकणकिनाऱ्याला राहिलेल्या विमानात हे जास्त सापडतं, म्हणून विमानाचा आधीचा मुक्काम कुठे होता ते विचारा. बॅटरीच्या पेटीखाली, गालिच्याखाली आणि शेपटीच्या आत हात घालून बघा.

कंट्रोल केबलवरून कपडा फिरवा, पुलीच्या जागी हळू. धागा अडकला तर तार तुटलेली आहे. पंखाखाली निळसर डाग म्हणजे इंधनगळती, कारण १०० एलएल निळं असतं.

७. चालवून बघणं

थंड इंजिन स्वतःसमोर चालू करायला सांगा. पोहोचलात आणि काउलिंग गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मॅग्नेटो तपासताना १५२ ला १,७०० आरपीएमवर घट १२५ पेक्षा जास्त नको, आणि दोन्हींमधला फरक ५० च्या आत हवा. कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम पडलेच पाहिजेत. न पडणं हा बिघाड आहे. पूर्ण थ्रॉटलला उभ्या विमानाचा आरपीएम मॅन्युअलमधल्या मर्यादेत येतो का ते बघा.

टेस्ट फ्लाइट विमा चालू असताना आणि त्या मॉडेलचा अनुभव असलेल्या पायलटबरोबरच. हात सोडल्यावर विमान एका बाजूला झुकतं का, स्टॉलला एकच पंख नेहमी पडतो का, टॅक्सी करताना नाकाचं चाक थरथरतं का. रेडिओ आणि ट्रान्सपाँडर चालू आहेत यावर समाधान मानू नका, दोन्हींचे संदेश नीट पोहोचतात का ते एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) विचारून घ्या.

८. पैशाचं गणित

विमानाची किंमत म्हणजे मागितलेली किंमत अधिक वापरलेलं इंजिन. समजा ओव्हरहॉलचा अंदाज २४ लाख मिळाला. २,४०० तासांना भागलं की तासाला १,००० रुपये. एक विमान ३५ लाखांना, इंजिन १,५०० तास चाललेलं: खरी किंमत ५० लाख. दुसरं ४२ लाखांना, इंजिन ३०० तासांचं: ४५ लाख. स्वस्त कोणतं ते दिसतंच. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, ओव्हरहॉलचं ताजं अंदाजपत्रक वर्कशॉपकडून घ्या आणि इंजिन नेण्या-आणण्याचा खर्चही त्यात धरा.

हँगर, विमा, कॅमोची (देखभालीचं नियोजन आणि नोंदी सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेची) फी, वार्षिक तपासणी आणि एआरसी हे खर्च विमान एक तासही न उडता लागतात. हे सगळं तुम्ही वर्षात खरंच उडाल त्या तासांनी भागा. पावसाचे चार महिने वजा करा, डिसेंबरातलं सकाळचं धुकं वजा करा. वर्षाला पन्नास-साठ तासच होणार असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: एकट्याने घेऊ नका, तिघा-चौघांत घ्या किंवा क्लबचं विमान भाड्याने उडवा. भागीदारीत तारखा, इंधन आणि नुकसान यांचं लिखित ठरवा. भावकीतल्या विहिरीच्या पाळीचे वाद ज्यांनी पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको.

‘सुट्टीत लोकांना फिरवून खर्च काढू’ हा हिशेब पुसून टाका. खाजगी विमानात पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. जत्रेत वरून फुलं टाकायची सुपारीही घेऊ नका, विमानातून काहीही टाकायला परवानगी लागते.

९. सौदा आणि नाव बदल

इसार देताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: इसार तपासणीच्या निकालावर अवलंबून आहे, उड्डाणाला बाधक दोष निघाला तर दुरुस्ती विकणाऱ्याची किंवा इसार परत, आणि ताबा देईपर्यंत विमा त्याचा. बाकी रक्कम सगळी मूळ लॉगबुकं हातात आल्यावरच.

नावबदलाचा अर्ज डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर जातो. विक्री करार, आधीच्या मालकाची ना-हरकत, बोजा असेल तर बँकेचं पत्र, तुमच्या ओळखीचे किंवा कंपनीचे कागद आणि विमा लागतो. त्याच सुमारास देखभालीसाठी कॅमोशी करार करा. तुमच्या भागात येऊन काम करायला कोण तयार आहे, हे विमान घेण्याआधी विचारायचं. धावपट्टीवर उभं करायची परवानगीसुद्धा तोंडी नको, लेखीच हवी.

१०. घरी आणल्यावर

आणायचं उड्डाण पावसाळ्यात ठेवू नका. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, त्या हद्दीजवळून येणार असाल तर फ्लाइट प्लॅन आणि एडीसी-एफआयसी क्रमांक (हवाई संरक्षण आणि उड्डाण माहिती केंद्राकडून उड्डाणाआधी घ्यायचे मंजुरी क्रमांक) यांना वेळ द्या. घाटमाथ्याकडून वारा खाली कोसळतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. सकाळी दहाच्या आत पोहोचा.

इमर्जन्सी बीकन ४०६ मेगाहर्ट्झचा असेल तर तो बंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे आपल्या नावाने आणि फोननंबरने नोंदवा. नाही तर विमान शेतात उतरलं की फोन जुन्या मालकाला जाईल.

उभं करताना पंख आणि शेपूट तिन्हीकडून बांधा, पिटो नळीला टोपी घाला, इंजिनाच्या तोंडाला बोळे लावा. चिमण्या दोन दिवसांत घरटं करतात. पावसाळ्यात प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळाचं इंधन काचेच्या भांड्यात काढून बघा, जुन्या झाकणांच्या सीलमधून पाणी आत जातं. पाणी खाली बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. भांड्यातलं सगळंच एकरंगी आणि बिनरंगी दिसलं तर खूश होऊ नका, ते सगळंच पाणी असू शकतं. निळा रंग दिसेपर्यंत काढत राहा.

पहिला ऑइल बदल २५ तासांवर करा, आणि तो फिल्टरही कापा.